ज्ञानोबानं घर रिकामं केलं

शालनला स्वतःचा सोफा मिळाला तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. लग्न झाल्यापासून ती बसली ती सरकारी खुर्च्यांवर. त्या खुर्च्यांच्या पाठीमागे पांढऱ्या रंगात नंबर टाकलेले असत, आणि क्वार्टर सोडताना एक माणूस येऊन ते नंबर जुळवून बघे. नवरा ज्ञानोबा निकम फौजेत होता, कोरेगाव तालुक्यातला. लग्नाच्या वेळी शिपाई, निवृत्त झाला तेव्हा सुभेदार. मधल्या काळात अंबाला, झाशी, बेळगाव, भटिंडा आणि शेवटी जयपूर. जिथं बायकामुलांना न्यायची परवानगी नसे तिथं तो एकटा जाई, आणि शालन गावी सासरच्या घरात, जावांच्या संसाराच्या कडेकडेनं दिवस काढी.

बदली आली की सामान बांधायचं. काय न्यायचं आणि काय मागं ठेवायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं; ट्रकमध्ये जेवढी जागा तेवढा संसार. अंबाल्याला तिनं हौसेनं काचेचं कपाट घेतलं होतं. ते ट्रकमध्ये बसेना, म्हणून शेजारच्या हवालदाराच्या बायकोला देऊन टाकलं. भटिंड्याला मोगऱ्याच्या कुंड्या तशाच ओट्यावर राहिल्या. देताना ती हसून द्यायची आणि गाडी निघाली की गप्प व्हायची. "आपलं घर झालं की घेऊ सगळं," ज्ञानोबा म्हणायचा.

घर झालं ते जयपुरात. मुलगा संग्राम इथंच शिकला, आणि गावी तीन भावांच्या वाटणीत चौथं बिऱ्हाड मांडायला जागा नव्हती. वैशाली नगरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल. शालननं ते घर भरलं. मरून रंगाचा सोफा आला, काचेचं कपाट आलं, त्यात निळ्या नक्षीच्या फुलदाण्या आल्या. सांगानेरी चादरी, जयपुरी रजया, पितळेची समई, पाहुण्यांसाठी वेगळे कप. कशावरही नंबर नव्हता. दुपारी कामं आवरली की ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची आणि नुसती घराकडं बघायची.

ज्ञानोबा निवृत्त होऊन घरी आला तोवर संग्रामला हैदराबादला नोकरी लागली होती. पहिले काही महिने ज्ञानोबा पहाटे उठायचा, दाढी करायचा, बूट पॉलिश करायचा आणि तेच बूट पुन्हा रॅकमध्ये ठेवून द्यायचा. एका खासगी रुग्णालयात पहारेकऱ्यांवर देखरेख करायची नोकरी मिळाली. ती त्यानं उन्हाळ्याआधीच सोडली.

"का सोडली?" शालननं विचारलं.

"दारात हुबं राहायचं. येनारा रडत येतो, जानारा रडत जातो. न्हाई जमत मला."

नंतर तो गॅलरीत बसू लागला. समोरच्या रस्त्यावरून ई-रिक्षा जायच्या, शाळेच्या बसगाड्या जायच्या. दुपारची झोप नाही, रात्रीचीही धड नाही. निवृत्त झालेले पुरुष असेच असतात, असं शालनला वाटलं. खालच्या मजल्यावर नाशिककडच्या प्रतिमा राहायच्या. त्यांचे यजमान राजन विमा कंपनीत अधिकारी होते. प्रतिमा एकदा म्हणाल्या, "शालनताई, आमच्या रविवारच्या वर्गाला सुभेदारसाहेबांना घेऊन या. निदान घराबाहेर तरी पडतील."

तो वर्ग बागेजवळच्या सभागृहात भरायचा. घ्यायचा तो चंदनजी, चाळिशीचा, मृदू बोलणारा गृहस्थ. पूर्वी जाहिरातीच्या धंद्यात होता. सगळं सोडून आता चार सदरे आणि दोन विजारी एवढ्यावर राहत असे. तो हिंदीत सांगायचा की घरातली प्रत्येक वस्तू आपल्याकडून रोज थोडं लक्ष मागते. ती पुसावी लागते, सांभाळावी लागते, तिची काळजी वाहावी लागते. लागत नाही ते काढा. आधी कपाट, मग फोन, मग मन. मनातही अडगळ असते, असं तो म्हणाला तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या ज्ञानोबानं मान वर केली, हे शालनला आठवतं.

घरी आल्यावर जेवायच्या आधीच तो स्टूल घेऊन माळ्यावरचं सामान काढायला लागला. माळ्यावर खोकी होती. टीव्हीचं, फ्रिजचं, मिक्सरचं, आत थर्माकोलसकट. शिवाय सुतळीचे गुंडे आणि धुऊन घडी केलेली पोती.

"ह्ये कशापायी ठिवलंयस?"

"बदली झाली तर टीव्ही कशात घालायचा?"

तो स्टुलावर उभ्याउभ्या वळला. "शालन, आता बदली न्हाई व्हायची."

तिला हे माहीत होतंच. पण तोंडानं कुणी सांगितलं नव्हतं. ती पलंगावर मटकन बसली आणि तिला हसू फुटलं. तोही हसला. दोघांनी मिळून खोकी तीन मजले खाली नेली आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर रचली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती दोघं फाटकात उभी होती.

तो उन्हाळा चांगला गेला. त्या घरातला तो सगळ्यात चांगला उन्हाळा, असं शालन अजूनही म्हणते. रोज सकाळी चहानंतर ती दोघं एक कप्पा घ्यायची. हे लागतं का, हे शेवटचं कधी वापरलं, हे कुणाच्या उपयोगी पडेल. शालननं साड्यांचा ढीग एका संस्थेला दिला. पाहुण्यांचे कप दिले, कारण पाहुणे येत नव्हते. जयपूरची आंधी आली की बारीक वाळू सगळ्या घरभर बसते, आणि पूर्वी ती पुसता पुसता दुपार व्हायची. आता अर्ध्या तासात घर लख्ख व्हायचं. इतकी वर्षं काही दिलं की ती गप्प व्हायची, तसं आता होत नव्हतं. कुणी ट्रक घेऊन खाली उभा नव्हता, तारीख पडलेली नव्हती. ती स्वतःच्या मनानं देत होती, आणि त्यात सुख होतं. "हलकं वाटतंय बघा," ती प्रतिमांना म्हणाली. ज्ञानोबा बोलता झाला होता. झाशीच्या थंडीच्या, बेळगावच्या लोण्याच्या गोष्टी काढायचा. जेवायचाही पोटभर.

पाऊसकाळ आला तशी शालन थांबली. घरात जेवढं हवं होतं तेवढंच उरलं होतं. ज्ञानोबा थांबला नाही.

आधी त्यानं वर्दी दिली, जी तिनं मलमलच्या पिशवीत घालून ठेवली होती. मग बूट, इमारतीच्या पहारेकऱ्याला. एकदा ती देवघर पुसत असताना तिच्या लक्षात आलं की शेजारच्या फळीवरची पदकांची डबी नाही.

"पितळेच्या भांड्यांबरुबर गेली," तो म्हणाला.

"आवं, ती काय अडगळ व्हती का?"

"पितळ आन रिबिनी. कुनाला लागनार हाईत?"

तो चिडून बोलला नव्हता. शांतपणे बोलला होता. त्यानंतर फोटोंचे अल्बम गेले. सकाळी महापालिकेची कचरागाडी गाणं वाजवत येते. त्यात त्यानं ते टाकले. गाडीचं गाणं पुढच्या गल्लीत पोचलं तेव्हा शालनला कळलं. ती चपला न घालता खाली धावली. गाडी कुठं दिसेना, नुसतं गाणं ऐकू येत होतं. त्या अल्बममध्ये संग्रामचं बारसं होतं, तिच्या आईचा एकुलता एक फोटो होता.

मग त्यानं पलटणीतल्या जुन्या सोबत्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोडला. थोड्या दिवसांनी फोनच देऊन टाकला. गावी भावांना फोन करणं बंद झालं. चहा बंद. संध्याकाळचं जेवण बंद. एके दिवशी पलंगही गेला, आणि दोघं सतरंजीवर झोपू लागली. बोलणंसुद्धा त्यानं आटवत आणलं. तिनं चार वाक्यं बोलावीत तेव्हा एक शब्द यायचा.

"डोक्यातलं बी काढायचं हाय," तो एकदा आपण होऊन म्हणाला. "ते निघना."

"काय हाय डोक्यात?"

"पेट्या."

"कसल्या पेट्या?"

तो उठून गॅलरीत गेला. फौजेत आयुष्यभर तो स्टोअरला होता. कांबळी, तांदूळ, रॉकेल यांच्या पेट्या असतील, असं तिनं धरून घेतलं.

नवरात्राच्या सुमारास ती भाजी घेऊन आली तेव्हा हॉलमध्ये सोफा नव्हता. फरशीवर त्याच्या पायांचे चार गोल डाग तेवढे होते. ज्ञानोबा भिंतीला टेकून बसला होता. शालननं पिशवी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही. उलट तो इतका खाली गेला की तो तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"तो माझा व्हता."

ज्ञानोबानं तिच्याकडं बघितलं. "मला वाटलं, तुजा बी जीव सुटला आसंल त्यातनं."

"न्हवता सुटला."

"मंग चूक झाली," तो म्हणाला. एवढंच. ती भांडली असती तर तो भांडला असता का, हे तिनं नंतर पुष्कळदा मनाशी घोळवलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असंच तिला दर वेळी वाटलं.

दिवाळीच्या आधी, घरोघरी साफसफाई चालते त्या दिवसांत, चंदनजीनं वर्गाचा मोठा मेळावा घेतला. त्यात ज्ञानोबाला पुढं बोलावलं. चंदनजी म्हणाला की आपण सगळे अजून कपाटापाशी अडलो आहोत, सुभेदारसाहेब मनापर्यंत पोचले आहेत. ज्ञानोबानं माइक हातात घेतला आणि हिंदीत दोन वाक्यं बोलला: सुरुवात अवघड असते. नंतर काही वाटेनासं होतं. लोकांनी बराच वेळ टाळ्या वाजवल्या. शेजारची एक बाई शालनला म्हणाली, "भाभीजी, आप तो भाग्यशाली हैं."

तिनं संग्रामला फोन केला. "पप्पांचं काय तरी बिनसलंय."

"मम्मी, पप्पा तर एकदम नेक्स्ट लेव्हल आहेत," तो म्हणाला. "इथे लोक, मतलब, पैसे देऊन हे शिकतात. तू उगाच टेन्शन घेते."

प्रतिमांनाही तिनं सांगितलं. रक्तदाबाच्या गोळ्या तिला केराच्या डब्यात सापडल्या होत्या, आणि विचारलं तेव्हा ज्ञानोबा म्हणाला होता की गोळ्या म्हणजेही सामानच. "मला भ्या वाटतंय," शालन म्हणाली.

"अहो, किती शांत झालेत ते," प्रतिमा म्हणाल्या. "आमच्याकडे रोज टीव्हीच्या रिमोटवरून भांडण असतं. तुम्हाला सवय नाही ना अशा शांततेची, म्हणून वाटतं तसं."

शालनला ते पटलं नाही. पण शिकलेली, चांगली माणसं सगळी एकच सांगत होती, तेव्हा आपल्यातच काही खोट असेल, आपलाच जीव वस्तूंत अडकला असेल, असं तिनं मनाला समजावलं. गोळ्या तिनं केरातून काढून आपल्याजवळ ठेवल्या; रोज सकाळी ती त्याच्या हातावर गोळी ठेवी आणि गिळेपर्यंत समोर उभी राही.

डिसेंबरातल्या एका सकाळी ती दूध आणायला गेली. परत आली तर दार नुसतं लोटलेलं. ज्ञानोबाच्या चपला दारातच होत्या. तिनं हाक मारली. ते घर शोधायला काही वेळ लागला नाही. दोन खोल्या, हॉल, गॅलरी, आणि माणूस नजरेआड होईल अशी एकही वस्तू उरलेली नव्हती. ती जिन्यावरून हाका मारतच खाली आली.

राजननी गाडी काढली. बाग बघितली, सभागृह बघितलं, देवळं बघितली. छावणीच्या फाटकावरच्या जवानाला विचारलं. दुपार झाली तेव्हा शालनचा फोन वाजला. दुर्गापुरा स्टेशनवरचा रेल्वे पोलीस बोलत होता. इथं एक गृहस्थ बसले आहेत, नाव निकम सांगतात, हा नंबर त्यांनीच दिला.

दुर्गापुरा शहराच्या दुसऱ्या टोकाला. फलाटाच्या शेवटच्या बाकावर ज्ञानोबा बसला होता, बिनबाह्यांच्या स्वेटरमध्ये, अनवाणी. पाय धुळीनं पांढरे झालेले. तो वैशाली नगरहून चालत आला होता. शेजारी कुणीतरी चहाचा कप ठेवला होता, आणि चहावर साय धरली होती.

शालन त्याच्याजवळ बसली. "कुटं निघाला व्हता?"

"कुटंच न्हाई."

"मंग हितं का आला?"

एक मालगाडी जाऊ लागली. तिचे डबे संपेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "घरात आता काडायजोगं काय ऱ्हायलं न्हाई, शालन. मी तेवडा ऱ्हायलोय."

स्टोअरमध्ये तांदळाचं एकच पोतं उरलंय, असं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं.

तो पोलीस जरा लांब उभा होता. त्यानं राजनना बाजूला घेतलं. यांना मी सकाळपासून दोनदा फलाटाच्या कडेवरून मागं आणून बसवलंय, आजच्या आज डॉक्टरकडे न्या, असं तो म्हणाला. शालननं ते ऐकलं. तिनं ज्ञानोबाच्या स्वेटरचं टोक मुठीत धरलं आणि लष्कराच्या रुग्णालयात पोचेपर्यंत सोडलं नाही.

तिथल्या डॉक्टर मेजर हुद्द्याच्या तरुण बाई होत्या. त्यांनी घाई केली नाही. दोन दिवस ज्ञानोबा काहीच बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "सूबेदार साहब, स्टोअरमध्ये काय काम असायचं?" तेव्हा तो बोलू लागला. शालन शेजारच्या स्टुलावर होती. तो हिंदीत बोलत होता आणि एकदाही तिच्याकडं बघत नव्हता.

पलटणीतला जवान गेला की त्याचं सामान त्याच्या घरी पाठवावं लागतं. तिघंजण बसतात, पेटी उघडतात, एकेक वस्तू बाहेर काढतात, बघतात आणि नीट बांधतात. त्या तिघांत ज्ञानोबा पुष्कळ वर्षं होता. त्याचा हात नीटनेटका, म्हणून त्यालाच बोलवायचे. घरच्यांच्या मनाला लागेल असं काही जाऊ नये म्हणून कपडे धुऊन घ्यायचे. कंगव्यातले केस काढायचे की ठेवायचे? साबणाची अर्धी झिजलेली वडी पाठवायची की नाही, यावर एकदा तिघं तासभर बोलत होते. एकाच्या पेटीत लहान मुलीच्या सँडल निघाल्या, नव्या, आणि त्यातच गुंडाळलेला एक दोरा. त्या दोऱ्यानं त्यानं सुट्टीत मुलीच्या पायाचं माप घेतलं होतं. "तो दोरा कुणाला काय कळणार, म्हणून मी टाकून दिला," ज्ञानोबा म्हणाला. "टाकायला नको होता."



"मी गेल्यावर हिला माझी पेटी उघडावी लागू नये," तो म्हणाला. "एवढंच मनात होतं. म्हणून मीच आधी बांधत गेलो."

शालनला ते सगळे महिने आठवले. चहानंतर दोघांनी मिळून आवरलेले कप्पे, हसत खाली नेलेलं सामान. त्या वेळीही तो हेच करत होता का? की तेव्हा खरंच तो तिच्याबरोबर हसत होता? हे तिनं त्याला आजवर विचारलेलं नाही. उत्तर काय येईल याची तिला भीती वाटते.

डॉक्टरबाईंनी तिला बाहेर नेऊन समजावलं. आजार जुना आहे. नोकरी होती तोवर दडून राहिला. वर्गानं तो दिला नाही, पण वर्गात त्याला चांगलं नाव मिळालं, त्यामुळे तो कुणाला दिसला नाही. औषधं लागू पडायला वेळ लागेल. पूर्ण बरे होतील का, असं शालननं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बघत राहावं लागेल." त्यांनी खोटी आशा दाखवली नाही, म्हणून शालनला त्यांचा राग आला, आणि नंतर त्या रागाचीच लाज वाटली.

संग्राम विमानानं आला. खाटेजवळ बसून म्हणाला, "पप्पा, तुम्ही बोला ना. मतलब... काही पण." पुढं त्याला मराठीत काही सुचेना. तो हिंदीत काहीतरी बोलला, मग तेही थांबलं आणि तो बापाच्या पायावर डोकं टेकून रडला. ज्ञानोबानं त्याच्या केसांवरून हात फिरवला, पण तो हात जणू दुसऱ्या कुणाचा होता. सुट्टी संपली तसा संग्राम परत गेला. आता तो रोज फोन करतो. रोज तेच विचारतो आणि शालन रोज तेच सांगते.

एका रविवारी शालन एकटीच सभागृहात गेली. वर्ग सुटेपर्यंत बाहेर थांबली. चंदनजीला सगळं कळलं होतं. तो समोर येऊन उभा राहिला आणि हातातली किल्ली उगाच फिरवू लागला.

"मला वाटलं, ते आमच्या सगळ्यांच्या पुढं गेलेत," तो म्हणाला.

शालन त्याला काय काय सुनवायचं ते ठरवून आली होती. पण त्याचे डोळे लाल झालेले दिसले, आणि सुनवून काही परत येणार नव्हतं. "पुन्हा कुणी आसं सगळंच द्यायला लागलं," तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं, "तर टाळ्या वाजवायच्या आदी त्याच्या घरच्याला इचारा." तो मान हलवत राहिला. वर्ग अजून भरतो. प्रतिमा आता जात नाहीत. शालनकडं येतात, पण दाराशीच उभ्या राहून डबा देतात आणि लगेच जातात.

ज्ञानोबा घरी आला तेव्हा शालननं प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणि एक लोखंडी पलंग आणून ठेवला होता. पदकं शोधायला ती भंगारवाल्याकडं दोनदा जाऊन आली. पितळ केव्हाच वितळायला गेलं, असं त्यानं सांगितलं. तिनं ज्ञानोबासाठी नवं घड्याळ घेतलं. त्यानं ते मनगटावर बांधून घेतलं, थोडा वेळ बघितलं आणि सोडून तिच्या हातात दिलं. घरात काहीही नवं आलं की तो त्याच्याकडं बघतो. ते पुढं कुणाला तरी पेटीत बांधावं लागणार, असंच त्याच्या मनात येत असणार. त्यामुळं आता तिला काही आणावंसं वाटत नाही. रिकाम्या हॉलमध्ये भांडं पडलं तरी आवाज घुमतो, आणि तो दचकतो. पूर्वी ती दुपारी बसून घराकडं बघायची. आता दुपारभर त्याच्याकडं बघते. स्वयंपाकघरात गेली तरी दर थोड्या वेळानं त्याला हाक मारते. तो "हं" म्हणतो. त्या "हं"वर तिचा दिवस चालतो.

संक्रांतीला सगळं जयपूर गच्च्यांवर असतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, माणसांत न्या. म्हणून शालननं त्याला शाल गुंडाळून गच्चीवर नेलं. ऊन कोवळं होतं, आभाळ पतंगांनी भरलेलं. गच्च्यागच्च्यांवर स्पीकर लावलेले, आणि कुणाचा पतंग कापला की "वो काटा" असा एकच गलका. लोकांनी ज्ञानोबाला खुर्ची दिली, रामराम केला. तो वर बघत होता, पण कुठल्याच पतंगामागं त्याची नजर जात नव्हती.

शालननं पदराखालची वाटी काढली. "तिळगूळ घ्या," ती म्हणाली. दर वर्षी त्यापुढं दोन शब्द यायचे. या वर्षी ते तिच्या तोंडातून निघाले नाहीत. त्यानं लाडू घेतला आणि मूठ मिटली.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "खाली जाऊया?"

"चला."

घरात आल्यावर तिनं त्याची मूठ उघडली. लाडू विरघळून तळव्याला चिकटला होता, तीळ बोटांच्या पेरांत शिरले होते. तिनं गिझरचं कोमट पाणी सोडलं आणि त्याचा हात मोरीच्या नळाखाली धरला. एकेक बोट चोळून धुतलं. तो उभा होता, हात तिच्या हातात देऊन, नजर भिंतीवर.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

तो जाऊन पलंगावर भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. शालननं दाराची वरची कडी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. वर गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला होता, आणि सगळी इमारत ओरडत होती.